कारच्या सेल्फवर चालणारा रिव्हर्स सारखा बिघडतोय? मोटरसायकल इंजिनच्या घरगुती गाडीसाठी लक्षणं आणि तपासणीचा क्रम

मोटरसायकलच्या गिअरबॉक्सला रिव्हर्स नसतो. पल्सर, युनिकॉर्न किंवा बुलेटचं इंजिन घालून शेतासाठी छोटी चारचाकी किंवा कॉलेजच्या प्रोजेक्टची बग्गी बनवली, की बांधाला तोंड लागल्यावर उतरून ढकलणं आलं. त्यावर आपल्याकडे रुळलेला उपाय म्हणजे भंगारातला कारचा सेल्फ (इंजिन सुरू करणारी स्टार्टर मोटर) आणि फ्लायव्हीलची दातेरी रिंग. इंजिन आणि मागचा एक्सल यांच्यामधल्या शाफ्टवर रिंग बसवायची आणि सेल्फ उलट फिरवेल असा लावायचा. बटण दाबलं की बेंडिक्सचं, म्हणजे सेल्फच्या पुढे-मागे सरकणाऱ्या भागाचं, पिनियन (छोटं दातेरी चाक) रिंगमध्ये शिरतं आणि गाडी मागे जाते. कल्पना भक्कम आहे. होंडाने १९८८च्या गोल्डविंगमध्ये, म्हणजे साडेतीनशे किलोंच्या वर वजनाच्या मोटरसायकलमध्ये, स्टार्टर मोटरवरच रिव्हर्स दिला होता. पण तिथे तो न्यूट्रलशिवाय चालणार नाही अशी रचना होती आणि सगळं बंद आवरणात होतं. आपल्या गाड्यांत नेमक्या याच दोन गोष्टी राहून जातात.

खालचे आकडे एका ठरावीक मांडणीचे आहेत: चालकासह ३५० किलोंची गाडी, चाकाचा व्यास ५० सेंमी, पिनियन ९ दातांचं, रिंग १०० दातांच्या आसपास, मधल्या शाफ्टवरून एक्सलला १६ आणि ४० दातांच्या स्प्रॉकेटवर चेन. एकूण घट साधारण २८ ला १ होते, म्हणजे सेल्फचे २८ फेरे झाले की चाकाचा एक. भाराखाली सेल्फ १५०० आरपीएमवर आला तर गाडी ताशी ५ किमीने मागे जाते. चालत्या माणसाचा हाच वेग, आणि रिव्हर्सला तो पुरे.

लक्षणं आधी ओळखा

- बटण दाबल्यावर एकदाच 'टक' आणि पुढे काही नाही.
- 'टकटकटकटक' असा सलग आवाज, दिवे मंद होतात.
- मोटर जोरात गरगरते, पण गाडी जागची हलत नाही.
- फरशीवर व्यवस्थित मागे जाते. ओल्या मातीत किंवा थोड्या चढावर दम सोडते.
- दातांचा 'खर्रर्र' आवाज, कधी पकड येते, कधी नाही.
- गाडी गिअरमध्ये असताना रिव्हर्सचा बजर बारीक वाजतो.
- बटण सोडलं तरी मोटर चालूच राहते.
- पुढे जाताना वेगाबरोबर चढत जाणारा शिट्टीसारखा आवाज.

शेवटची दोन लक्षणं दिसली तर पुढचं वाचत बसू नका. गाडी थांबवा, बॅटरीचा कट-ऑफ स्विच बंद करा. कट-ऑफ स्विच नसेल तर बाकी दुरुस्तीच्या आधी तो बसवा, चालकाचा हात सहज पोचेल अशा जागी. सेल्फच्या मुख्य लाइनला बाईकचा १५ किंवा २० अँपिअरचा फ्यूज चालत नाही, म्हणून बहुतेक गाड्यांत ती लाइन बिनफ्यूजची असते. ती केबल चेनला घासून कापली गेली तर बॅटरी तोडायला दुसरं काहीच हाताशी नसतं.

चेन, रिंग किंवा पिनियनजवळ बोटं घालण्याआधी प्रत्येक वेळी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढायची. सेल्फला बोट आणि रिंग यांतला फरक कळत नाही.

१. न्यूट्रल आणि हाताने ढकलून बघणं (खर्च शून्य)

चावी बंद ठेवून गिअर न्यूट्रलला आणा आणि सपाट फरशीवर गाडी मागे ढकला. जमल्यास दोरीला वजनाचा स्प्रिंगकाटा लावून ओढा. ३५० किलोंची गाडी ७ ते १० किलोंच्या ओढीने चालत राहायला हवी. काटा २० च्या वर जात असेल तर दोष सेल्फमध्ये शोधू नका. ब्रेक शू घासत असतील, एक्सलचं बेअरिंग गेलं असेल किंवा चेन जास्त ताणली असेल. चेनला मधोमध २० ते ३० मिमी ढील ठेवा.

याला पहिला नंबर यासाठी, की सेल्फची ताकद मोजकी असते. फरशीवर गाडीला साधारण ७ किलोंची ओढ लागते. दहा टक्के चढावर त्यात आणखी ३५ किलो वाढतात. म्हणजे काम सहापट होतं. त्यात ब्रेक घासत असला की मोटर थांबतेच, आणि थांबलेली मोटर सगळ्यात जास्त करंट ओढते.

क्लच दाबून, गिअरमध्ये ठेवून रिव्हर्स घेण्याची सवय असेल तर ती सोडा. बाईकचा क्लच तेलात बुडालेला असतो. दाबला तरी प्लेटा थोड्या ओढत राहतात, विशेषतः सकाळी थंड इंजिनवर.

२. बॅटरी (मल्टिमीटर पुरे)

गाडी तासभर उभी असताना बॅटरीच्या खांबांवर (टर्मिनलवर) १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, मग बाकीची तपासणी. उतरलेल्या बॅटरीवर केलेली पुढची सगळी मोजमापं फसवतात.

मग भाराखाली बघा. रिव्हर्स चालू असताना थेट खांबांवरचं व्होल्टेज १० च्या खाली जाऊ नये. बाईकची ५ ते ९ अँपिअर-तासांची बॅटरी इथे टिकत नाही. या सेल्फला भाराखाली १०० ते १५० अँपिअर सहज लागतात. कारची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी ही किमान पायरी समजा.

नवी बॅटरीही आठवड्यात उतरते अशी तक्रार हमखास असते. त्याचा हिशेब सोपा आहे. १२० अँपिअरवर १० सेकंद रिव्हर्स म्हणजे ०.३३ अँपिअर-तास खर्च. बाईकच्या मॅग्नेटोकडून (इंजिनवर फिरून वीज बनवणारा भाग) हेडलाइट आणि इग्निशन भागवून ३ अँपिअर उरत असतील, तर तेवढं भरून यायला सात-आठ मिनिटं इंजिन चालू राहायला हवं. दिवसभर फडात पुढे-मागे करणारी गाडी हे कर्ज फेडूच शकत नाही. तिला रात्री बाहेरच्या चार्जरवर लावा. इंजिन मध्यम वेगावर असताना खांबांवर १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळत नसतील तर रेक्टिफायर (मॅग्नेटोची वीज बॅटरीजोगी करणारा भाग) किंवा मॅग्नेटोची कॉइल तपासून घ्या.

३. केबल, थिंबल आणि अर्थ: निम्म्याहून जास्त गाड्यांचा दोष इथेच असतो

याच टप्प्यावर लोक घाई करतात आणि चांगला सेल्फ बदलतात. महिन्याभराने नवा सेल्फही तसाच वागतो.

बॅटरी पुढे आणि सेल्फ मागे असला तर जाऊन-येऊन ५ मीटर तांब्याची वाट होते. १५० अँपिअरला ६ चौरस मिमी केबलमध्ये सुमारे २.२ व्होल्ट नुसते गळतात. १० चौरस मिमीमध्ये १.३, तर २५ चौरस मिमीमध्ये अर्धा व्होल्ट. बॅटरीवर १०.५ असताना मोटरपर्यंत ८ पोचले, तर तिचा वेग आणि जोर दोन्ही पडतात. २५ चौरस मिमी वापरा, वेल्डिंगची रबरी केबल चालते. बॅटरी सेल्फच्या जवळ नेता आली तर उत्तमच.

मोजायचं असं. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. एक काडी बॅटरीच्या प्लस खांबावर टेकवा (थिंबलवर, म्हणजे केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीवर नाही, शिशाच्या खांबावरच), दुसरी सेल्फच्या आतून बाहेर आलेल्या मोटरच्या बोल्टवर. दुसऱ्या माणसाने ब्रेक अर्धा दाबून ३ सेकंद रिव्हर्स द्यायचा. गाडीच्या मागे कोणी उभं राहायचं नाही. मीटरवर ०.५ पेक्षा जास्त दिसलं तर त्या वाटेत कुठेतरी अडथळा आहे. मग एकेक जोड ओलांडून मोजत जा. एका जोडावर ०.१ च्या वर दिसलं की तो जोड उघडून साफ करायचा. निगेटिव्ह बाजूलाही तेच: बॅटरीचा मायनस खांब ते सेल्फची बॉडी, जास्तीत जास्त ०.३.

हे मोजमाप चाकं जमिनीवर ठेवूनच करायचं. चाकं हवेत असताना मोटर कमी करंट घेते, तेवढ्या करंटला सडका जोडही निभावतो आणि दोष लपतो. 'घोडीवर तर मस्त फिरतं' यावरून वायरिंगची खात्री देता येत नाही. शिवाय जुन्या धाटणीचा, कॉइलच्या फील्डचा सेल्फ (आत कायमच्या चुंबकांऐवजी तारेच्या गुंडाळ्या असलेला) भाराशिवाय भलताच वेग पकडतो. हवेत दोन सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नका.

अर्थकडे नीट लक्ष द्या. सेल्फची मायनस बाजू म्हणजे त्याची बॉडी. आपण तो रंगवलेल्या ब्रॅकेटवर, ब्रॅकेट रंगवलेल्या चॅसीवर आणि बॅटरीची अर्थ तिसऱ्याच ठिकाणी बसवतो. मग करंट इंजिनच्या क्लच वायरमधून, ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. क्लच वायर गरम लागणं ही त्याची खूण. सेल्फच्या माउंटिंग बोल्टपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत स्वतंत्र २५ चौरस मिमी केबल टाका. थिंबल दाबून बसवा, हातोडीने चेपू नका. जोडाखालचा रंग पॉलिश पेपरने काढा आणि घट्ट केल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा.

'टकटकटकटक' हे लक्षण जवळपास नेहमी इथलं किंवा मागच्या टप्प्यातलं असतं. सोलेनॉइड (पिनियन पुढे ढकलून मोटरला करंट जोडणारा सेल्फवरचा चुंबकी स्विच) ओढला जातो, मोटर करंट घेते, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज परत येतं. दर 'टक'ला आतल्या संपर्कांवर ठिणगी पडते. असंच रेटत राहिलं की एक दिवस ते संपर्क एकमेकांना चिकटतात आणि बटण सोडूनही मोटर थांबत नाही. म्हणजे वरच्या यादीतलं धोक्याचं लक्षण बऱ्याचदा कमजोर बॅटरीतूनच जन्माला येतं.

४. बटण, रिले आणि न्यूट्रलचं कुलूप

सोलेनॉइडचं छोटं टर्मिनल, ज्यावर ५० असा आकडा असतो, ओढण्याच्या क्षणी ३० ते ४० अँपिअर घेऊ शकतं. हॉर्नचं बटण तिथे थेट लावलं तर काही दिवसांत जळतं. बटणाने रिले (थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच) चालवा आणि रिलेने टर्मिनल ५०. ४० अँपिअरचा रिले, टर्मिनलपर्यंत ४ चौरस मिमी वायर. बाईकचा स्टार्टर रिलेही या कामाला छान चालतो, पण तो सेल्फच्या मुख्य लाइनमध्ये टाकू नका. तिथला करंट त्याच्या आवाक्याबाहेरचा असतो.

एकदाच 'टक' येत असेल तर आधी आवाज कुठून येतो ते बघा. रिले वाजतो पण सोलेनॉइड नाही: टर्मिनल ५० वर बटण दाबून व्होल्टेज बघा. सोलेनॉइड वाजतो पण मोटर फिरत नाही: त्याचे संपर्क किंवा मोटरचे कार्बन (फिरत्या भागाला घासून करंट पोचवणारे ठोकळे).

न्यूट्रलचं कुलूप नसेल तर ते आजच करा. बहुतेक बाईकमध्ये न्यूट्रल स्विच गाडी न्यूट्रलला आली की वायर अर्थला जोडतो. रिलेच्या कॉइलची मायनस बाजू त्या वायरला दिली की गिअरमध्ये रिव्हर्स लागतच नाही. मधे १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेला सोडणारा भाग) हवा, पट्टीची बाजू न्यूट्रल स्विचकडे. तो विसरला की न्यूट्रलच्या दिव्यातून आलेला करंट उलट्या वाटेने रिलेच्या कॉइलमधून रिव्हर्सच्या बजरमध्ये जातो आणि गिअरमध्ये असताना तो बारीक वाजत राहतो. रिले सोडताना उठणारा झटका जिरवायला दुसरा तसाच डायोड कॉइलला समांतर लावा, पट्टी प्लसकडे. बीएस-६ इंजिनात न्यूट्रलची वायर ईसीयूकडेही (इंजिनच्या कॉम्प्युटरकडे) जाते. तिथे हाताने जोड मारण्याआधी त्या मॉडेलचा वायरिंग नकाशा बघा. नसेल तर लिव्हरवर वेगळा मायक्रोस्विच बसवणं बरं.

५. पिनियन, धूळ आणि अडकलेला बेंडिक्स

कारमध्ये सेल्फचं तोंड बेलहाउसिंगमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या आवरणात) बंद असतं. आपल्याकडे ते मागच्या चाकाच्या चिखलासमोर उघडं. माती बेंडिक्सच्या पिळदार खाचांवर बसते आणि पिनियन पुढे गेलं की मागे येत नाही.

याबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे: 'पिनियनमध्ये वनवे क्लच (एकाच दिशेला पकडणारा) असतो, अडकलं तरी मोटरला काही होत नाही.' कारमध्ये हे खरं आहे, कारण तिथे सेल्फ आणि इंजिन एकाच दिशेला फिरतात आणि इंजिन पुढे निघालं की क्लच सुटतो. आपल्या गाडीत सेल्फ मागच्या दिशेला फिरवतो. गाडी पुढे निघाली की रिंग पिनियनला उलटं फिरवते आणि त्या दिशेला वनवे क्लच सुटत नाही, लॉक होतो. ताशी ३० किमीला चाक मिनिटाला सुमारे ३१८ फेरे घेतं. २८ पट म्हणजे आर्मेचर (मोटरचा आतला फिरणारा भाग) जवळपास ९ हजार आरपीएमने उलटं. वाइंडिंग बाहेर फेकलं जातं, कम्युटेटर (ज्यावर कार्बन घासतात ती तांब्याची गोल पट्टी) सुटतो, कधी मोटर जाम होऊन चेन तुटते. चढत जाणारी शिट्टी ऐकू आली की तत्काळ थांबायला सांगितलं ते यासाठी.

याच क्लचमुळे उलटी गोष्टही घडते. उतारावर गाडी मागे घसरत मोटरपेक्षा वेगात गेली तर क्लच सुटतो आणि मोटर तिला अडवत नाही. रिव्हर्स घेताना पाय ब्रेकवर असलाच पाहिजे.

तपासणी अशी: बॅटरी तोडा, पिनियन हाताने पुढे ओढा आणि सोडा. ते स्वतःहून झटकन मागे जायला हवं. रेंगाळत असेल तर सेल्फ काढून खाचा केरोसीनने धुवा, वाळवा आणि ग्रॅफाइटची कोरडी पूड लावा. ग्रीस थापू नका. ग्रीस आणि धूळ मिळून काही दिवसांत घट्ट लगदा होतो. मग रिंग आणि सेल्फवर पत्र्याचं आवरण घाला, खालच्या टोकाला पाणी निघायला १० मिमीचं भोक ठेवून. हे आवरण म्हणजे शोभेची वस्तू नाही, रिव्हर्स टिकवणारा भाग आहे.

६. ब्रॅकेट आणि रिंग

'खर्रर्र' येत असेल आणि पिनियन मोकळं असेल तर तीन मापं घ्या.

विश्रांतीत पिनियनच्या टोकापासून रिंगपर्यंत २ ते ४ मिमी अंतर हवं. दातात दात बसल्यावर फीलर गेजने अर्धा ते पाऊण मिमी मोकळीक हवी. शून्य असेल तर पिनियन अडकून राहतं. दीड मिमी असेल तर दातांची टोकं उडतात. तिसरं, रिंगजवळ एक तार टोचणीसारखी बांधा आणि शाफ्ट हाताने हळू फिरवा. तारेपासूनचं अंतर अर्ध्या मिमीपेक्षा जास्त कमी-जास्त होत असेल तर रिंग डगमगते आहे. दात एकाच बाजूला झिजले असतील तर तीच खात्री.

रिंग डगमगण्याचं नेहमीचं कारण म्हणजे ती स्प्रॉकेटला वेल्ड केलेली असते. वेल्डच्या उष्णतेने रिंग वाकते आणि दातांचा पाणी दिलेला कडकपणा उतरतो. लेथवर खांदा काढलेली प्लेट करून घ्या, रिंग त्यावर नेमकी बसवा आणि ८ मिमीच्या सहा बोल्टने आवळा. रिंगच्या दातांची तिरकस घासलेली बाजू पिनियन जिथून शिरतं तिकडे आहे ना, तेही बघा; उलटी बसली असेल तर पिनियन दर वेळी आधी तोंडावर आपटतं.

ब्रॅकेट ३ मिमी पट्टीचं असेल तर ते भाराखाली मागे झुकतं आणि पिनियन दातातून चढून बाहेर येतं. एकाने बटण दाबताना दुसऱ्याने लांबून मोबाईलवर हळू गतीचा व्हिडिओ काढला की हे झुकणं स्पष्ट दिसतं. ८ ते १० मिमी प्लेट, १० मिमीचे बोल्ट आणि एक तिरका आधार द्या.

नव्याने बसवताना सेल्फ उलट दिशेला फिरतोय असं निघालं तर वायरी बदलून उपयोग नाही. फील्ड कॉइलच्या मोटरची दिशा त्याने बदलत नाही. चुंबकाच्या मोटरची बदलते, पण वनवे क्लच त्या दिशेला पकडत नाही. सेल्फ रिंगच्या दुसऱ्या अंगाने, तोंड फिरवून बसवावा लागतो.

७. मोटर उघडणं

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तरच. कार्बन मूळ लांबीच्या निम्म्यावर आले असतील तर बदला, बुश ढिले असतील तर तेही. कम्युटेटर काळा असेल तर बारीक पॉलिश पेपरने पुसा. सेल्फला हळूच ठोकल्यावर चालतो याचा अर्थ कार्बन संपले. पण चुंबकाच्या सेल्फवर हातोडी मारू नका, आतली चुंबकं तडकतात.

रिव्हर्स एका वेळी १० सेकंद, मग किमान १ मिनिट विश्रांती. या मोटरला आत पंखा नसतो, ती क्षणभराच्या कामासाठीच बनवलेली असते.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

जळक्या वार्निशचा वास आला, आर्मेचरच्या तारा काळ्या पडल्या किंवा पिनियन अडकलेलं असताना गाडी वेगात पुढे गेली असेल, तर सेल्फ ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या. आर्मेचरचा शॉर्ट त्याच्याकडच्या ग्राउलर नावाच्या तपासणी यंत्रावर दिसतो, घरच्या मीटरवर नाही. बॅटरी फुगली किंवा ॲसिड पाझरत असेल तर चार्जर लावू नका, ती बदला. सोलेनॉइड चिकटला असेल तर घासून परत वापरू नका. डगमगणारी रिंग लेथवाल्याचं काम. एक्सलजवळच्या वेल्डला भेग दिसली तर गाडी तिथेच उभी करा आणि मुरलेल्या वेल्डरला दाखवा. हा प्रश्न आता रिव्हर्सपुरता उरलेला नाही.

गाडी ५०० किलोंच्या पुढे गेली, रोज चढावर मागे घ्यावी लागते किंवा एका वेळी अर्धा मिनिट रिव्हर्स हवा असतो, तर सेल्फ दुरुस्त करत बसू नका. तिथे चेनवर बसणारा तीनचाकीचा वेगळा रिव्हर्स गिअरबॉक्स लावा किंवा मुळात रिव्हर्स असलेलं ऑटोरिक्षाचं इंजिन घ्या. गाडी हलकी असेल आणि विजेवरच ठेवायची असेल तर सलग चालायला बनवलेली गिअरची डीसी मोटर, तिच्या कंट्रोलरसकट.

दुरुस्तीनंतरची चाचणी मोकळ्या जागेत घ्या. अशी घरी बनवलेली, नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर नेता येत नाही, त्यामुळे शेत किंवा बंद आवारच योग्य. आधी गिअरमध्ये बटण दाबून काहीच होत नाही ना ते बघा. मग न्यूट्रलमध्ये तीन सेकंद मागे, बटण सोडा, इंजिन बंद ठेवून गाडी हाताने पुढे ढकला आणि सेल्फला कान लावा. आत काही फिरत असल्याचा आवाज आला तर पिनियन अजून रिंगमध्ये आहे. इंजिन सुरू करू नका.